जाळीखालून गेलेलं पाणी

रामकिसनच्या हाताला एक खोड होती. तुंबलेलं पाणी दिसलं की तो हात गप्प बसत नसे. करमाडच्या शिवारात त्यानं तीस वर्षं पिकाला पाणी दिलेलं. एक वाफा भरला की मातीचा बांध फोडायचा आणि पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. मग शिवारात कंपन्या आल्या. त्याच्या शेतावरही एक उभी राहिली, प्लास्टिकची, आणि तिथंच तो गटाराच्या देखरेखीला लागला. शेत गेलं, खोड तेवढी राहिली.

कंपनीत ज्वारीएवढा पांढरा दाणा पोत्यांनी यायचा. तो वितळवून बादल्या निघायच्या. पोती फोडताना दाणा सांडायचा आणि फरशी धुतली की गटारात यायचा. तो बाहेर नाल्यात जाऊ नये म्हणून गटाराच्या तोंडाशी बारीक जाळी होती. परवान्यात तशी अटच होती. अडलेला दाणा काढून पोत्यात भरणं हे रामकिसनचं काम. पण दाण्यानं जाळी तुंबायची, मागं पाणी फुगायचं आणि ह्याला ते बघवायचं नाही. तो सरळ जाळी उचलायचा. सगळं वाहून गेलं की घासूनपुसून पुन्हा बसवायचा.

नुसती खोड असती तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण दोन वर्षांमागं त्याची बायको द्वारकाबाई गेली, ती ऐन दुष्काळात. सुखना नदी जिथं गोदावरीला मिळते तिथं त्यानं तिच्या अस्थी सोडल्या, तेव्हा पात्रात घोटाभर पाणी होतं आणि तेही थांबलेलं. राख जागची हलेना. द्वारकाबाईनं जन्मात एकच गोष्ट मागितली होती, समुद्र बघायची, आणि ह्यानं 'पुढच्या साली जाऊ' म्हणत ती बावीस वर्षं लांबवली. आता नाल्यातलं पाणी सुखनेला, सुखनेचं गोदावरीला आणि गोदावरीचं समुद्राला. आपण सोडलेलं पाणी तिला रोज थोडं थोडं पुढं नेतं, अशी त्याची समजूत. खुळी म्हणा हवं तर, पण त्या समजुतीवर त्याचे दिवस बरे जात होते.

चैत्रातल्या एका सकाळी प्रदूषण खात्याच्या मनस्विनी मॅडम तपासणीला आल्या. लख्ख जाळी बघून त्यांनी रामकिसनची तोंडभरून स्तुती केली. इतक्या कंपन्या पाहिल्या, अशी जाळी कुठं दिसली नाही, म्हणाल्या. हा आपला फुगून उभा. मग बोलता बोलता त्या म्हणाल्या, की ह्या दाण्याची माती होत नाही. इथून सुटलेला दाणा नद्यानद्यांतून थेट समुद्रात जातो.

"पोचतं व्हय समुद्रापर्यंत?" रामकिसननं विचारलं.

"पोचतं ना काका. आज नाही तर उद्या."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमना वाटलं, उन्हानं. त्या पुढं सांगत राहिल्या, की मासे तो खाणं समजून गिळतात, पाखरं पिल्लांना भरवतात, आणि पोटं भरलेली असून जीव उपाशी मरतात. रामकिसनच्या कानात मात्र 'पोचतं' एवढंच घुमत होतं.

दुपारी भाकरी खाऊन तो लिंबाखाली आडवा झाला. डोळा लागला न लागला तोच समोर समुद्र आला, पिकल्या गव्हाच्या रानासारखा हलणारा. काठावर द्वारकाबाई बसली होती, मांडीवर तिचं ते कडेला कापड शिवलेलं सूप. पाठ पाण्याकडं. त्याला हरीख झाला. पोचली म्हणायची! तो जवळ गेला. सुपात पांढरा दाणा होता. ती पाखडत होती, पण दाणा सरत नव्हता. लाटेसरशी नवा येऊन तिच्या पायाशी पडायचा. घरातलं धान्य निवडून झाल्याशिवाय ती कधी उठली नव्हती, हे त्याला माहीत होतं.

"अवो, ह्ये कुठलं बियाणं धाडताव?" ती म्हणाली. रागानं नाही, थकून. "ह्ये सरंना. अन् ह्ये सरल्याबिगर मला मागं वळून समुद्र बघता येईना."

जागा झाला तसा तो उठून थेट ऑफिसाकडं निघाला. मॅडम ऑफिसात सही करायच्या बेतात होत्या आणि समोर मॅनेजर चहा पाजत होता. रामकिसन दारात उभा राहिला.

"म्याडम, जाळी म्या उचलतो. रोज. म्हणून ती साफ दिसती."

मॅनेजरनं त्याच्याकडं असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर तिथंच मेला असता. मॅडमनी मात्र पेन ठेवलं आणि त्याच्याबरोबर नाल्यात उतरल्या. पाणी जमिनीत जिरून गेलं होतं. वळणापर्यंत आणि वळणापुढंही पांढरा दाणा पसरला होता, कोणी मुठीनं पेरून गेल्यासारखा. दोन वर्षांत जो पुढं निघून गेला, त्याचा तर हिशेबच नव्हता. रामकिसनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅनेजर त्याला घरी बसवणार होता. पण मॅडमनी नोटिशीत लिहिलं, की पावसाचं पाणी यायच्या आत कंपनीनं सगळा नाला वेचून काढावा, आणि दाणा कुठवर गेला हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या कामावर ठेवावं.

दुसऱ्या दिवशी रामकिसन द्वारकाबाईचं सूप घेऊन नाल्यात उतरला. बाकीचे हसले. तो मांडी घालून बसला आणि पाखडू लागला. माती वाऱ्यानं उडायची, दाणा सुपात राहायचा. ऊन उतरेपर्यंत अर्धं पोतं भरलं.

उठताना त्यानं सूप झटकलं आणि नाला जिकडं उतरतो तिकडं तोंड करून हळूच म्हणाला, "आजच्यापुरतं म्या केलंय. तू जरा मागं वळून बघ."