अंजनी ओरडली नाही

मित्रांनो, उल्हासनगरच्या एका छोट्या इस्पितळाच्या माळ्यावर, मोडक्या खाटेमागे जे धूळ खात पडले आहे, ते यंत्र मी. जुने झाले आहे, पण बिघडलेले नाही.

माझे काम सोपे होते. कंबरेच्या मणक्यापाशी दुखणे वाहणारी बारीक नस असते. डॉक्टर तिथवर लांब सुई घालत आणि मी सुईचे टोक तापवून ती नस भाजत असे. चिरफाड नाही, टाके नाहीत, रोगी त्याच दिवशी घरी. १९९४ साली मी आले तेव्हा डॉक्टर श्यामकांत मला कुणाला हात लावू देत नसत. गादीवर बसून बसून कंबर धरलेला एक सिंधी कापडवाला माझ्यामुळे ताठ उभा राहिला. दसऱ्याला त्याने माझ्यासाठी झेंडूचा हार पाठवला. मी फुगले होते, खोटे कशाला बोलू!

मग बारवी धरणाकडच्या पाड्यावरून अंजनी आली. नवरा पदू तिला धरून आणत होता. मोळ्या वाहून तिची कंबर कामातून गेली होती.

"डाक्टर, माजी आवडी दोन वर्सांची झाली," ती म्हणाली. "तिला कडंवर घेता येत नाय. तेवढं करा."

डॉक्टरांनी तिला कळेल असे सांगितले. "तुमच्याकडे दुखण्यावर तापल्या विळ्याचा डाग देतात ना? हा तसाच, पण आतून, सुईनं. दोन-तीन आठवडे दुखेल, मग आराम." अंजनीने मान हलवली. पाठ बधिर केली, सुई अचूक बसली. माझ्या कामात खोट नव्हती.

पण डागाची एक रीत डॉक्टरांना ठाऊक नव्हती. डाग घेणारा ओरडला की दुखणे बाहेर पडले, असे त्या पाड्यावर मानत. तोवर विळा उचलायचा नाही.

पुढचे पदूने नंतर सांगितले. संध्याकाळी तिच्या सासऱ्याने, गोमाने, पाठ पाहिली. वण नव्हता.

"वरडलीस का?"

"नाय. काय कळलाच नाय."

"मंग डाग लागलाच नाय," म्हणत त्याने विळा चुलीत घातला. पाठीची भूल अजून उतरली नव्हती. त्याने विळा टेकवला आणि वाट पाहिली. अंजनी ओरडली नाही. सुनेचे भले व्हावे म्हणून त्याने तो आणखी दाबला.

जखम चिघळल्यावर पदूने तिला परत आणले. डॉक्टर संतापले. "कुणी सांगितलं होतं हे?"

"तुमीच म्हटलात ना, डागच हाय. आमी तो पुरा केला."

डॉक्टर जखम धुवायला बसले.

जखम भरली, पण कातडी आखडली आणि अंजनी कायमची वाकली. मी भाजलेल्या नसेचे दुखणे मात्र खरेच गेले होते. त्याचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही. यंत्राने बाई जाळली, अशी बोलवा बदलापूरपर्यंत गेली. डॉक्टरांनी मला पुन्हा सुरू केले नाही. गोमाच्या दारात डाग घ्यायला माणसे येतच राहिली.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, असे मी सांगत नाही. माझे दिवस गेले. पण कुणाला बरे करायला निघालात, तर घरी जाऊन तो काय करणार आहे, एवढे विचारा. फक्त मान हलली म्हणून थांबू नका.

शेवटच्या मलमपट्टीला आवडी सोबत आली होती. चालून चालून दमली, रडकुंडीला आली. आई समोरच होती. पण आवडीने तिच्याकडे हात वर केले नाहीत. ती सरळ बापाकडे गेली.