डावखुरा पाना

ऑक्टोबरातला पहिला शुक्रवार जवळ आला की माझं डोकं आधीच तापायला लागतं. त्या दिवशी गावच्या हायस्कुलातली पोरं आमच्या कारखान्यात येतात, पुढे असलं काम करायला आवडेल का ते बघायला. चाळीस मिनिटं चित्रफीत बघतात, सॉसेज खातात, फुकटची टोपी घालतात आणि बसमध्ये बसतात. पाच वर्षांत एकानेही उन्हाळी शिकाऊ म्हणून नाव दिलेलं नाही.

यंदा मालक वेन्डेल स्ट्रॅक माझ्या लेथपाशी आला. लहानपणी माझ्या पायाशी खेळलेलं पोर, आता मालक झालाय. म्हणाला, "डोलोरेस, याही वर्षी कोणी नाव दिलं नाही, तर तुझ्यामागे हा चालवणार कोण? लेथ विकून टाकतो मी."

बेचाळीस वर्षं मी त्या लेथवर दूध काढायच्या यंत्रांच्या झडपा कातल्यात. नवऱ्याजवळसुद्धा इतका वेळ उभी राहिले नाही. आणि हा विकतो म्हणे.

वर दोन अटी घातल्या. मी पोरांवर खेकसायचं नाही, आणि कोणीही कुणाला डावखुरा पाना आणायला पाठवायचं नाही.

ही आमच्या विस्कॉन्सिनातली जुनी खोड. पाना कुठल्याही हाताने फिरतो, डावखुरा असा नसतोच. पण नव्या माणसाला तो आणायला धाडायचं, आणि ज्याला तो विचारेल त्याने गंभीर तोंडाने पुढच्या खात्यात पाठवायचं. अठराव्या वर्षी मी तासभर अशी हिंडले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. अजून आठवलं की राग येतो.

शुक्रवारी सव्वीस पोरं आली. मी इतकी गोड बोलले की जबडा दुखला. निघायच्या वेळी त्यांच्या बाई, मिसेस हॅलोरन, मोजायला लागल्या तर पंचवीसच. जोसी ब्रंक नावाची मुलगी गायब. कारखान्यात पोर हरवलं तर लेथ गेलाच म्हणून समजा.

मी तडक हत्यारांच्या खोलीत गेले. तिथला एल्मर जमिनीकडे बघत होता.

"एल्मर, तोंड वर कर."

"अगं, ती डाव्या हाताने लिहीत होती. मला राहवलं नाही."

"सत्तरीला आलास. अक्कल कधी येणार तुला?"

"पुढच्या खात्यात विचार," तो सवयीने बोलून गेला.

वेल्डिंगवाल्याने मला रंगखात्यात पाठवलं, रंगवाल्याने पॅकिंगमध्ये. तिथे खोक्यावर बसून जोसी बाईसाहेब चीज खात होत्या. नाकाला हिरवा रंग लागलेला. तिचे डोळे रडून लाल झालेत का ते मी आधी बघितलं. नव्हते.

"सापडला पाना?"

"नाही बाई. असा नसतोच ना तो. दुसऱ्या खात्यात विचारलं तेव्हाच कळलं, तिथल्या माणसाकडे बघून, त्याला हसू आवरत नव्हतं."

"मग परत का नाही आलीस?"

"परत आले असते तर चित्रफीत बघावी लागली असती. पाना मागितला की सगळे थांबून बोलतात. मग मी विचारायचे, तुम्ही काय करता, दाखवा ना. सगळ्यांनी दाखवलं. फक्त लेथवर कोणी नव्हतं. तो तुमचा ना?"

तीच खाती, तीच थट्टा. बेचाळीस वर्षं मी त्यावर चिडत आले, आणि हे एवढं साधं मला कधी सुचलं नाही.

"केस बांध. चष्मा नीट लाव. बाही वर कर आधी," मी खेकसले.

बस दहा मिनिटं हॉर्न वाजवत उभी राहिली. जोसीने एक झडप कातताना बघितली, ती गरम असतानाच बोट लावलं, माझ्या शिव्या खाल्ल्या आणि शिकाऊंच्या यादीत नाव लिहिलं. डाव्या हाताने.

वेन्डेलने यादी दोनदा वाचली. "कशी काय तयार झाली ही?"

मागे एल्मर खोकला.

"तुझ्या चित्रफितीमुळे," मी म्हणाले.

तो इतका खूश झाला की लेथ विकायचं विसरलाच. म्हणाला, "मग पुढच्या वर्षी तासाभराची करू."

"कर," मी म्हणाले. "पोरांना निसटायला तेवढा वेळ लागतोच."