माझ्यावरचा डिसेंबर

मी एक जुना, चौकटी आखलेला फळा आहे. निदान मला तसे वाटते. कोणी मला तक्ता म्हणायचे, कोणी आलेखाची पाटी, आणि हल्ली बहुतेक जण 'ते कपाटामागचं' एवढेच म्हणतात. तेव्हा मित्रांनो, माझ्या सांगण्यात गोंधळ झाला तर सांभाळून घ्या. तो माझ्या जन्मापासूनचा आहे.

एका सुताराने मला कापले. रंगाऱ्याने काळा रंग दिला आणि वर उभ्या-आडव्या पांढऱ्या रेघा ओढल्या. रेघा वाळत असताना त्याने विचारले, "यावर बुद्धिबळ खेळणार का कोणी?"

"मला काय ठाऊक? माप दिलं, कापलं," सुतार म्हणाला.

मी कशासाठी जन्मलो हे त्या दोघांनाच माहीत नव्हते, तर मला कुठून असणार?

मी आलो एका लहानशा वाचनालयात. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मला मुलांच्या खोलीत, दाराशेजारी टांगले. बाई फार शिस्तीच्या. पुस्तकेच काय, त्या सगळेच अक्षरक्रमाने लावायच्या. टेबलावर आधी चहाचा डबा, मग चाव्या, मग चिकटपट्टी. पुस्तके शिवायला येणारे बांधणीकाका त्यांना चिडवायचे, "बाई, म्हणजे तुमच्या घरी आधी आई जेवते, मग आजोबा, मग आत्या?"

"आमच्याकडे आई जेवते सगळ्यांच्या शेवटी," बाई म्हणायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

माझे पहिले काम सोपे होते. मुले गोष्टी किती नेतात, कोडी किती, प्राण्यांची पुस्तके किती, हे बाईंनी उभ्या स्तंभांनी दाखवले. भावंडे उंची मोजायला भिंतीला पाठ लावून उभी राहावीत तसे ते दिसत होते. मला वाटले, आपण म्हणजे हेच. पण पुढे बाईंनी एक मोठे वर्तुळ काढले आणि कोणत्या वयाची मुले किती येतात त्याचे तुकडे पाडले. "हा मोठा तुकडा आमचा!" असे मुले ओरडली, तेव्हा मी स्वतःला गोल समजू लागलो. मग बाईंनी आवडते विषय विचारले आणि प्रत्येकाला दोन सांगायची मुभा दिली. आता तुकडे वर्तुळात मावेनात.

"वर्तुळ मोठं काढा," बांधणीकाकांनी सुचवले.

काढले, तरी मावेनात. एकच मूल दोन तुकड्यांत बसले आहे, हे बाईंच्या उशिरा लक्षात आले. वर्तुळ पुसून पुन्हा स्तंभ आले. चूक वर्तुळाची होती की माझी, हे मला कोणी सांगितले नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वाचनालयाच्या समितीला सभेसाठी जागा हवी होती. अध्यक्ष म्हणाले, "मुलं कमी होत असतील तर ही खोली आम्ही घेऊ. वर्षभराची हजेरी फळ्यावर मांडा, मग ठरवू."

बाईंनी एकेक ठिपका जपून दिला. हजेरी अचूक होती. महिने मात्र त्यांनी सवयीप्रमाणे लावले. आधी एप्रिल, मग ऑक्टोबर, मग ऑगस्ट, असे करत सर्वांत शेवटी सप्टेंबर. सप्टेंबरात छप्पर गळत होते म्हणून खोली बहुतेक बंदच होती, त्यामुळे त्याचा ठिपका अगदी तळाशी. बाईंनी ठिपके रेघेने जोडले. रेघ माझ्या अंगावरून चढत-उतरत गेली आणि शेवटी कोसळली. मला गरगरल्यासारखे झाले, पण जे काढतील ते खरे मानायचे एवढेच मला येते.

बाई चार पावले मागे सरल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाई! मुलं खरंच येईनाशी झाली?" त्या पुटपुटल्या. खोली तर रोज भरलेली दिसे. पण ठिपके त्यांच्याच हातचे होते.

मुलांच्या खोलीतच, माझ्यासमोर भरलेल्या सभेत अध्यक्षांनी काठीने रेघेचे टोक दाखवले. "मला आनंद होत नाही, पण बघा, शेवट तळाला आहे. खोली बंद करू या." मुलांचा दंगा इतका होता की त्यांना हे दोनदा सांगावे लागले. "अहो, यांना जरा गप्प करा!"

"कोणाला, अध्यक्षसाहेब?" दारातून बांधणीकाका म्हणाले. "रेघेच्या मते इथे कोणी नाहीच."

सगळे हसले. अध्यक्ष रागाने माझ्याजवळ आले, चष्मा लावला आणि खालची नावे वाचू लागले. "हा डिसेंबर जूनच्या शेजारी काय करतोय?"

"ज झाला की ड," बाई हळूच म्हणाल्या. "मग न. नोव्हेंबर."

"डिसेंबरनंतर नोव्हेंबर? म्हणजे काळ उलटा? अहो बाई, या वयात मला तेवढंच तर हवंय!"

बाई मटकन स्टुलावर बसल्या. मग उठल्या, मला पुसले आणि जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत रेघ पुन्हा ओढली. मध्येच एक खड्डा आला. त्याशेजारी त्यांनी लिहिले : 'छप्पर दुरुस्ती, खोली बंद'. खड्ड्यानंतर रेघ चढत गेली, ती शेवटपर्यंत. एकही आकडा बदलला नव्हता.

"खोली राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "सभा व्हरांड्यात घेऊ."

नंतर लोक म्हणाले, फळ्याने खोली वाचवली. थोड्या वेळापूर्वी तीच खोली मीच बुडवत होतो ना? मी तर दोन्ही वेळा तोच होतो. हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या, भिंतीवर संगणकाचा पडदा आला आणि मी त्याच खोलीतल्या कपाटामागे गेलो. माझ्या पांढऱ्या रेघा पुसट होत चालल्या आहेत. मित्रांनो, मी उपदेश करावा इतका शहाणा नाही. पण आकडे मांडण्याआधी त्यांना विचारा, तुम्ही वेगवेगळी भावंडे आहात, एकाच भाकरीचे तुकडे आहात, की एकामागून एक येणारे दिवस? आणि रेघेवर विश्वास ठेवण्याआधी तिच्या खालची नावे वाचा.

माझे तोंड भिंतीकडे आहे, त्यामुळे मला काही दिसत नाही. पण आत्ता खोलीत कोणीतरी मोठ्याने कोडे वाचते आहे, दुसऱ्याने उत्तर आधीच सांगून टाकले आहे आणि त्यावरून भांडण जुंपले आहे. मुले किती असतील, मला विचारू नका. कोणीतरी दारात उभे राहा आणि मोजा.