टोकाची हिरवी रांग

आमचं काम उलटंच. लोक कीड मारतात; मी आणि माझी धाकटी जाऊ ती ब्रशने उचलून स्ट्रॉबेरीच्या पानांवर सोडतो, कुठली जात तग धरते ते संशोधन केंद्राच्या साहेबांना कळावं म्हणून. यंदा लाल कोळी या जाळं विणणाऱ्या बारीक किडीपुढे सगळ्या जातींनी नांगी टाकली. गोड फळाची आधी गेली, केसाळ पानांची नंतर. वाकून वाकून आमच्या कमरेचा काटा ढिला झाला.

आज साहेब हरितगृहातल्या जाळीच्या पडद्यापलीकडच्या टोकाच्या रांगेशी थबकले. पानं हिरवीगार, एकावरही जाळं नाही.

"सापडली! हीच ती जात!" म्हणत त्यांनी डोळे पुसले.

जाऊ माझ्या कानाशी लागली. "ताई, इथे कोळी तुम्हीच सोडले होते ना?"

"मी? मला वाटलं, तू सोडलेस."

सांगावंच लागलं. साहेब तिथल्याच उलट्या बादलीवर बसले. म्हणाले, "मग आता सोडा."

जाऊने ब्रश उचलला, पण तिचा हात पुढे जाईना. "ताई, अख्ख्या हंगामात बघावंसं वाटेल असं एवढंच होतं हो."

"माहितेय," मी म्हटलं. "आण तो ब्रश इकडे."