करिश्माच्या लग्नाची जीप

करिश्माचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार बावीस. मोहफूल वेचून संपत आलं होतं. लग्न लागायचं होतं भामरागडच्या पलीकडे, नवऱ्याच्या दारात; त्यांच्यात रीतच तशी, नवरीकडची माणसं नवरीला घेऊन जातात. सोयरीक ठरली तेव्हा करिश्माचा आजा सुकलू चारचौघांत बोलून गेला होता, "नात माह्या जीपमंधीच येईल." महिनाभरात त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. शब्द मात्र देऊन झाला होता.

आणि निघायच्या सकाळी जीप चालूच होईना.

करिश्माच्या बापानं, सुनिलनं, चावी फिरवली. समोरचा लाल दिवा लागला, पण इंजिन हूं की चूं करेना.

"बॅटरी मेली," सुनिल म्हणाला.

शेजारचा खुशाल पुढे सरसावला. "इंजिन फिरवाचा सेल्फ जळला असंन. नवा चंद्रपूरहून आना लागते. सध्या ढकला, होते चालू."

"ढकलाचं नाई," सुनिलची माय सोमारी म्हणाली.

"काऊन, माय?"

"नवरीची गाडी ढकलत निघाली तं तिकडचे लोक तिच्या नातवंडाइले सांगतीन. आन् नाल्याच्या रेतीत बंद पडली तं तिथी कोन ढकलते, वाघ?"

तेवढ्यात नवऱ्याच्या काकाचा, दिनेशचा, फोन आला. बातमी आधीच पोचली होती. "आमी आमची गाडी धाडून राह्यलो. तुमचा खटारा ठेवा कोंबड्या डालाले."

सोमारीनं सुनिलच्या हातून फोन घेतला. "दिनेशभाऊ, तुमची गाडी तुमच्याच दारात राहू द्या. सावलीत लावा, टायर तापतीन." आणि फोन परत दिला.

बोलून तर बसली. आता उन्हं चढायच्या आत जीप निघाली नाही, तर दिनेशची गाडी येणार आणि सुकलूचा शब्द त्याच्या डोळ्यांदेखत मातीत जाणार.

तिनं पदर खोचला. तीस वर्षं सुकलू गाडीखाली आणि ती चावीपाशी, असा त्यांचा संसार झाला होता. तो खालून "मार" म्हणायचा, ती चावी मारायची.

"त्याइले चावीपाशी सीटवर बसवा," ती म्हणाली.

खुशाल हसला. "आता तुमी मिस्त्री का, सोमारीबाई?"

"मी मिस्त्रीची बायको. तू कोनाचा कोन?"

दोघांनी सुकलूला उचलून बसवलं. सोमारीनं आधी हॉर्न दाबला. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. "मेलेली बॅटरी अशी बोंबलत नाई," ती सुनिलला म्हणाली. मग हेडलाइट लावले आणि हळद लागलेल्या करिश्माला समोर उभं केलं. "मी चावी मारतो. दिवे पाह्य." तिनं मारली.

"मंद झाले?"

"नाई आजी. होते तसेच."

"मंग करंट सेल्फपर्यंत जाऊनच नाई राह्यला. गेला असता तं दिवे दबले असते."

तिनं गिअर न्यूट्रलला घातला, हँडब्रेक ओढला, चावी बंद केली आणि पेचकस घेऊन गाडीखाली शिरली. सेल्फवर दोन वायरी येतात. जाड बॅटरीची, बारीक चावीची. तिनं पेचकसाचं लोखंडी टोक दोन्हींच्या नटांना एकदमच टेकवलं. ठिणगी उडाली आणि इंजिन घरघरून फिरलं.

"खुशाल," ती खालूनच म्हणाली, "हा तुहा जळलेला सेल्फ."

खुशालनं पानाची पिंक टाकायला तोंड दुसरीकडे वळवलं.

राहिली बारीक वायर. सोमारी ती धरून वर वर आली, इंजिनाच्या मागून आत, चावीखाली, पायदानाच्या वरपर्यंत. तिथं उंदरानं घर केलं होतं. चिंध्या, लेंड्या, मूठभर मोहफूल. आणि वायर कुरतडून दोन तुकडे.

"मोहाचं पोतं गाडीत कोनं ठेवलं?" सुनिल कडाडला. "उंदीर त्याच्याच वासानं आला."

करिश्मा आजीकडे बघत होती. घर पाहुण्यांनी भरलं, त्यांच्या हातांनी मोह कमी होईल म्हणून चार दिवसांपूर्वी पोतं जीपमध्ये चढवताना तिनंच आजीला दुसरं टोक धरून दिलं होतं.

"मीच ठेवलं," सोमारी म्हणाली. "काय हसाचं ते हसून घ्या, मंग मोटारपंपाची वायर कापून द्या. हातभर."

तिनं टोकं सोलली, पीळ घातला, चिकटपट्टी गुंडाळली. मग सुकलूचा डावा हात धरून चावीवर ठेवला.

"मार," ती म्हणाली.

त्यानं मारली. जीप पहिल्या झटक्यात उठली. सुकलूचं अर्धं तोंड हसलं. "उं... दीर," तो म्हणाला, आणि बराच वेळ हसून हलत राहिला.

नाल्याच्या रेतीत जीप बंद पडली, तिथंही एका चावीत उठली. मांडवासमोर पोचल्यावर सोमारीनं ती मुद्दाम बंद करायला लावली. दिनेश हात जोडून पुढे आला, तेव्हा तिनं सुकलूकडून पुन्हा चावी मारवून घेतली. काळा धूर दिनेशच्या पांढऱ्या सदऱ्यापर्यंत गेला.

"टायर तर नाई ना तापले, भाऊ?" तिनं विचारलं.

पावसाळ्यात सुकलूला दुसरा झटका आला. दवाखान्यात न्यायला जीप एका चावीत चालू झाली, सोमारी त्याला मांडीवर घेऊन मागं बसली, पण नदी पुलावरून वाहत होती. दोन दिवस पाणी उतरायची वाट पाहिली. सुकलू ७ सप्टेंबर २०२२ ला, बुधवारी सकाळी, घरीच वारला.