तिहुआना–काबो, मार्गे मुलेहे

काशीरामने ओल्या दोऱ्याचं टोक नकाशावर तिहुआनाच्या टिंबापाशी अंगठ्याने दाबून धरलं आणि रस्त्याच्या एकेका वळणाबरोबर दोरा खाली सोडत नेला. नकाशा चार कागदांचा होता. झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणलेला, घरच्या खळीने जोडलेला. मार्चमधला दुपारचा वारा कागद उचलत होता, म्हणून चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले होते. दोरा मधेच एका समुद्राची बाजू सोडून दुसऱ्या समुद्राकडे आडवा गेला, मुलेहेला किनाऱ्याशी आला आणि अगदी शेवटी काबो सान लुकासला टोकावर थांबला. काशीरामने तिथे नखाने खूण केली आणि दोरा उचलून पट्टीवर धरला.

"सोळाशे साठ," तो म्हणाला. "लिवलेत सतराशे. घाटातली थोडी वळणं दोऱ्यानं खाल्ली."

दारात बसून कोळंबी सोलणाऱ्या त्याच्या बायकोने, तुळसाने, मान वर केली नाही.

"घाट पण हायत काय तिथं?"

"हायत तर! तुला काय वाटलं, सगळा आपल्या मांडवीच्या बंदरासारखा सपाट?"

मेक्सिकोच्या अंगाला लटकलेली ती लांब, चिंचोळी जमीन. बाहा कॅलिफोर्निया तिचं नाव. दोन्ही बाजूंना समुद्र, मधून एकच रस्ता, आणि वस्ती इतकी विरळ की एका ठिकाणी तीनशे किलोमीटर पेट्रोलपंप नाही. त्यांची मुलगी तेजल सरहद्दीच्या अलीकडे, अमेरिकेत सान डिएगोला राहायची. जावई विनीतने दोन वर्षांपूर्वी फोनवर त्या रस्त्याची चित्रफीत दाखवली होती. तांबडी उघडी जमीन, निवडुंग, आणि मैलोगणती एकही गाडी नाही. त्या दिवसापासून काशीरामने दुसरा विषय काढला नव्हता. येत्या नोव्हेंबरात लेकीकडे जायचं आणि विनीतची गाडी घेऊन हा रस्ता टोकापर्यंत स्वतः चालवायचा, असं त्याने ठरवून टाकलं होतं. त्याने काही ठरवलं की घरात त्यावर चर्चा होत नसे, फक्त तयारी होत असे.

एसटीत चौतीस वर्षं त्याने गाडी चालवली होती. तुळसा बावीस वर्षं कंडक्टर होती, मागल्या वर्षी निवृत्त झाली. एवढ्या वर्षांत दोघांना एका गाडीवर ड्युटी एकदाही लागली नाही. तो राजापूरहून येताना ती हातखंब्याच्या नाक्यावर समोरून जायची, तो हॉर्न वाजवायचा आणि तिचे प्रवासी हसायचे. त्यांच्या संसाराची निम्मी बोलणी अशी हॉर्नवर झाली होती.

त्याने जुन्या कॅलेंडरच्या मागे वेळापत्रक आखलं होतं. वर ठळक अक्षरांत: तिहुआना–काबो, मार्गे मुलेहे. खाली टप्पा, अंतर, सुटणे, पोचणे, शेरा असे रकाने. एल रोसारियोसमोर शेरा होता, "टाकी भरणे, दोन कॅन वेगळे. हा आपला हातखंबा समजावा, मात्र पुढे काही नाही." कोपऱ्यात चालक म्हणून स्वतःचं नाव, वाहक म्हणून तुळसाचं.

संध्याकाळी तेजलचा फोन आला.

"बाबा, विनीत म्हणतोय, आपण विमानाने खाली जाऊ. दोन तासांत पोचतो."

"मग रस्ता कुणी बघायचा?"

"बरं, मग गाडी विनीत चालवेल. तुम्ही आरामात बसा."

"जावईबापूंनी मागे बसावं, झोपावं, काय ते करावं. चौतीस वर्षांत माझ्या गाडीला खरचटलेलं नाय."

"तुमचं परदेशात चालवायचं परमिट झालं का? त्याला डॉक्टरचा दाखला लागतो."

"उद्या आणतो," काशीराम म्हणाला आणि फोन तुळसाकडे दिला.

तुळसाने तोवर चहा आणून ठेवला होता. त्याच्या डाव्या हाताला. गेली दोन वर्षं या घरात चहा, चष्मा, पेपर, ताट, सगळं त्याच्या डाव्या हाताला येत होतं. त्याने कधी विचारलं नव्हतं की असं का.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती बरोबर गेली. नको म्हणाला, तरी गेली. रस्त्याने चालताना ती त्याच्या उजव्या अंगाला होती.

या दवाखान्यात काशीराम पंधरा दिवसांपूर्वी शेजाऱ्याला सोबत म्हणून येऊन गेला होता, हे तुळसाला माहीत होतं. शेजाऱ्याला सोबत करण्याचा त्याचा स्वभाव नव्हता, त्यामुळे तिला नवल वाटलं होतं. आता मागच्या खुर्चीवर बसून समोरचा अक्षरांचा पडदा बघितल्यावर तिला उलगडा झाला. नवा मार्ग मिळाला की आदल्या दिवशी जाऊन वळणं बघून यायची त्याची सवय जुनीच होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी त्याचा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या पडद्यावरची अक्षरं वाचायला सांगितली.

"ग, प, र, न, ल," काशीरामने वाचलं. अगदी तळाची बारीक ओळसुद्धा वाचली.

"छान. आता डावा झाका."

त्याने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. डॉक्टरीणबाईंनी हातातलं बटण दाबलं आणि पडद्यावरची अक्षरं बदलली. तुळसाला ती स्वच्छ दिसली. म, त, स, क, व.

"ग, प, र, न, ल," काशीराम खणखणीत आवाजात म्हणाला.

तुळसाने पर्सचा बंद मुठीत आवळला. कुणीतरी आत येऊन हे थांबवावं असं तिला फार वाटलं. पण तो पुढची ओळही म्हणाला, तिच्या पुढचीही, पाठ केलेलं एकही अक्षर न चुकता.

"काका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "मी पाटी बदलली आहे."

काचबिंदू होता. उजव्या डोळ्याचं जवळजवळ सगळंच गेलं होतं, डावा औषधाने टिकेल असं त्या म्हणाल्या. चिपळूणला औषध चालू आहे, हे काशीरामने आता कबूल केलं. दाखल्याच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. त्याने मागितलीही नाही.

बाहेर पायरीवर तो बसला. तुळसा उजवीकडे बसली.

"तुला कवापासनं म्हाईत?"

"दोन वर्षांमागं. गणपतीत आरतीचं तबक तुमच्या उजवीकडनं धरलं, तुमी हातच लावला नाय. सगळी आरती तबक घेऊन उभी होते."

तो समोरून जाणाऱ्या रिक्षा बघत होता.

"हितं समोरची गाडी उजवीकडनं येते," तो म्हणाला. "मला ती अंगावर आल्याबिगर दिसत नाय. म्हणून आपली गाडी काढायची सोडली मी. बॅटरी गेलीय म्हणून सांगत होतो ते खोटं. पण तिकडं उलटं हाय, तुळसा. तिकडं समोरची गाडी डावीकडनं येते. माझा डावा ठणठणीत हाय. एकच रस्ता, गर्दी नाय. म्हटलं, त्या मुलखात मी अजून ड्रायव्हर हाय."

दोन वर्षं तुळसा समजत होती की म्हातारपणी याला परदेशाचं खूळ लागलंय. हा माणूस सगळ्या पृथ्वीवर असा एक रस्ता शोधत होता जिथे आपला एक डोळा पुरेल. तिला रडू आलं असतं, पण त्याला ते चाललं नसतं. तिने पर्स उघडली, एक कार्ड काढलं आणि त्याच्या डाव्या हातात ठेवलं.

ड्रायव्हिंग लायसन्स होतं. फोटो तिचा.

"ह्ये कवा?"

"गेल्या साली. गुडघ्याच्या व्यायामाला जायचे ना, सकाळची."

"गुडघ्याच्या?"

"क्लच दाबून बरे झाले की."

तिला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. कार्ड उलटसुलट करून त्याने परत दिलं आणि उठला. घरी आल्यावर नकाशावरचे नारळ उचलून त्याने कोपऱ्यात ठेवले, नकाशाची गुंडाळी केली, तिला तोच दोरा बांधला आणि कपाटावर टाकली. जेवताना म्हणाला, "तेजलला सांग, विमानानं जाऊया."

तुळसाने तेजलला फोन केला नाही.

सकाळी काशीराम उठून बाहेर आला तेव्हा नकाशा खाली पसरलेला होता आणि चार कोपऱ्यांवर नारळ होते. तुळसा पदर खोचून मधे बसली होती आणि वेळापत्रक वाचत होती.

"हे गेरेरो नेग्रोला दुपारी दोन लिवलंत. ऊन केवढं असेल. सकाळची गाडी एक तास आधी काढा."

"कोण काढणार गाडी?"

"मी."

"तू." तो दारातच उभा राहिला. "सतराशे किलोमीटर. घाट, वाळू, तिकडची ती दहा चाकांची धुडं. मैदानात गोल गोल फिरवण्याइतकं सोपं नाय ते."

"बावीस वर्षं चालत्या गाडीत उभी राहून तिकिटं फाडली मी. हातानं दांडी नाय धरली कधी. वळण कसं घेतलं, ब्रेक कुणी कसा मारला, सगळं पायांना कळायचं. रत्नागिरीतला कुठला ड्रायव्हर कसा चालवतो ते विचारा मला." ती थांबली. "तुमच्या गाडीवर तेवढी ड्युटी नाय लागली. लोक सांगायचे, काशीरामच्या गाडीत पाण्याचा तांब्या हिंदकळत नाय. माझी लय इच्छा होती एकदा बघायची. आता तुमी शिकवा तशी चालवते. नोव्हेंबरला आठ महिने हायत."

काशीरामने खिळ्यावरची किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

"बॅटरी मात्र खरंच उतरली असेल आता," तो म्हणाला.

"दिवाळीतच बदलून घेतली मी."

घरामागे ताडपत्रीखाली त्यांची जुनी पांढरी गाडी होती. दोघांनी मिळून ताडपत्री ओढली. काशीराम सवयीने उजव्या दाराकडे गेला, तिथे क्षणभर उभा राहिला, मग बोनेटला वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि आत बसला. चौतीस वर्षांत तो या बाजूला क्वचितच बसला होता. त्याला पाय कुठे ठेवावेत ते कळेना. कॅलेंडरचा कागद त्याने बरोबर आणला होता. खिशातून पेन्सिल काढून त्याने वेळापत्रकाखालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: पहिला आठवडा, सड्यावरचा मोकळा माळ. दुसरा, हातखंबा. पावसाळ्यापूर्वी, आंबा घाट. मग त्याने कोपऱ्यातली चालक आणि वाहकाची नावं खोडली आणि जागा बदलून पुन्हा लिहिली.

तुळसाने सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, इंजिन सुरू केलं. एका दमात सुरू झालं.

"तिकडं ड्रायव्हर डावीकडं बसतो," काशीराम म्हणाला.

"म्हाईत हाय मला."

"म्हणजे मी तुझ्या उजवीकडं. तू माझ्या डावीकडं." आता तिच्याकडे बघायला त्याला सगळी मान वळवावी लागली होती. ती त्याने तशीच धरली होती. "सगळा रस्ता दिसशील मला तू."

तुळसाने दोन्ही हात स्टीयरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिली. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते. गाडी उभ्या उभ्या घरघरत होती. अंगणात शेजाऱ्याची कोंबडी चाकापुढून निवांत निघून गेली, फाटक उघडंच होतं, तरी गाडी जागची हलली नाही.

"काय गो, काय झालं? गियर पडत नाय?"

"पडलाय की."

"मग?"

"डबल बेल कुठं दिलीत, कंडक्टर?"

काशीरामने पेन्सिल कानावर ठेवली. मग बोटाच्या पेराने समोरच्या फळीवर दोनदा टकटक केलं.