गळकी खोली

त्या होममध्ये सगळे तिला स्टूलताई म्हणायचे, आणि त्याला कारणही तसंच होतं. अंथरुणाला खिळलेल्या, विसरभोळ्या, घरच्यांना झेपेनाशा झालेल्या म्हाताऱ्यांचं ते नर्सिंग होम, आणि तिथली ही सोशल वर्कर. कुणाचा मुलगा फिरकत नाही, कुणाला घरी जायचंय, कुणाचं शेजारच्या खाटेशी पटत नाही, हे सगळं हिच्या गळ्यात. तर ही बाई जिथं जाईल तिथं एक निळं प्लास्टिकचं स्टूल काखोटीला मारून जायची. खाटेवरच्या माणसाशी उभ्यानं बोलायचं नाही, हा तिचा हट्ट. "वरून बोललं की माणूस हो म्हणून मोकळा होतो," ती म्हणायची, "मनातलं सांगत नाही." डॉक्टर हसायचे. हसू देत बापडे.

कामाचा तिला अभिमान होता, आणि का नसावा? एक मास्तर होते, ते वरच्या मजल्यावर पुरुषांच्या खोलीत, आणि त्यांची बायको खाली बायकांत. मास्तर जाईपर्यंत रोज त्यांचे निरोप खाली आणि बाईंचे वर पोचवायचं काम स्टूलताईनं केलं. लिफ्ट पेशंटांसाठीच, त्यामुळे जिना चढून चढून गुडघे बोलायला लागले, पण निरोप चुकला नाही. नव्या नर्सला ही गोष्ट ती आवर्जून सांगायची.

खाली बायकांच्या खोलीत आता एक काकू होत्या. अंगानं टणक, पण डोक्यातलं सगळं सांडत चाललेलं. मुलांची नावं गेली, स्वतःचं घर गेलं, एक गोष्ट मात्र पक्की राहिली. दुपारचा चहा झाला की त्या पुढच्या दाराशी जाऊन बसायच्या आणि येईल-जाईल त्याला विचारायच्या, "बस आली का?" बसनं त्यांचा नवरा यायचा. त्याला सगळे ड्रायव्हरकाका म्हणायचे. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ बायकोला भेटायला रोज दोन बस बदलून यायचा आणि आल्याआल्या त्या बसवाल्यांचे वाभाडे काढायचा. "ब्रेक मारतो की सूड उगवतो, तेच कळत नाही!" काकू खुदकन हसायच्या आणि त्याच्या हातून चार घास जास्त खायच्या.

आणि मग काका घरी न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुबा मोडला. हॉस्पिटलनं ऑपरेशन केलं, पण आता एकट्यानं घरी राहणं जमायचं नाही, असं तोंडावर सांगितलं. इकडे काकू दाराशी बसून राहायच्या. अंधार पडला तरी उठायच्या नाहीत, ताट आलं की हातानं बाजूला सारायच्या. आठवडाभरात त्यांच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. नर्सनं भरवून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी सगळ्यांनी हात टेकले.

स्टूलताई हॉस्पिटलात गेली. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा होममध्ये जागा आहे म्हणतात," ते म्हणाले. "तिथून मला हिच्याकडे कोण आणणार? तुमच्याकडे नाही का एखादी खाट?"

"सगळ्या भरलेल्या आहेत, काका. तुमचं नाव लावून ठेवते. जागा झाली की लगेच..."

"जागा होते कशी तुमच्याकडे?"

तिनं काकांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"म्हणजे इथं पडून मी कुणाच्या तरी मरणाची वाट बघायची," काका म्हणाले. "नको ग बाई. तेवढं माझ्याकडून करवून घेऊ नकोस."

कुणी असं बोललं की स्टूलताईच्या तोंडाला लगाम राहायचा नाही. "कुणी मरायला नको," ती म्हणाली. "मी करते तुमची सोय. शब्द देते."

आता बोला! होमच्या मॅनेजरसाहेबांना विचारणं नाही, काही नाही, शब्द देऊन मोकळी. पण अगदीच वाऱ्यावर दिला नव्हता तिनं. वरच्या मजल्यावर बोळाच्या शेवटी दोन खाटांची एक खोली कित्येक वर्षं कुलूप लावून ठेवलेली होती. छत गळतं म्हणून. नर्स तिला गळकी खोली म्हणायच्या आणि जुन्या गाद्या, मोडके वॉकर तिथं टाकायच्या. छताला डागडुजी केली की झालं, एवढा साधा हिशेब तिनं वाटेत केला.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि म्हणाले, "ताई, ती खोली गळत नाही."

"म्हणजे?"

"कधीच गळत नव्हती. बसा." ती बसली. "एकशेवीस खाटांपर्यंत सोशल वर्करला पदवी नसली तरी चालते. त्याच्यावर एक जरी खाट गेली, तर समाजकार्याची पदवी घेतलेला, आधी कुणाच्या तरी हाताखाली काम केलेला, पूर्ण वेळचा माणूस ठेवावाच लागतो. तुमच्या आधीच्या बाई सोडून गेल्या, तेव्हा पदवीवालं कुणी मिळेना. तुम्ही पुढच्या टेबलावर फोन घ्यायचात. लोक माझ्याकडे तक्रार घेऊन यायचे आणि वाटेत तुमच्यापाशी रडून परत जायचे. मी ती खोली बंद केली, खाटा बरोबर एकशेवीसवर आणल्या आणि तुम्हाला आत घेतलं. होमचाही खर्च वाचला, तुमचंही भलं झालं."

"आणि मला गळते म्हणून सांगितलंत."

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही रोज त्या कुलपाकडे बघत बसला असता. ओळखतो मी तुम्हाला."

स्टूलताईला परत गेलेले चेहरे आठवले. इतकी वर्षं आपण जागा नाही, जागा नाही म्हणून लोकांना परत पाठवलं, आणि ती जागा आपल्याच पगारासाठी बंद होती!

"माझं ऐका," साहेब हळू आवाजात म्हणाले. "काकांना सध्या तिकडं जाऊ दे. दोन-चार महिन्यांत इथं होईल जागा."

"काकू काढतील दोन-चार महिने?"

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "खोली उघडली तर तुमची जागा राहत नाही, ताई. पुढच्या टेबलावर परत घेईन, त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. खोली उघडायची मागणी तुम्हीच लिहून द्या, मी संस्थेकडे पाठवतो. नाही दिलीत तरी माझ्याकडून कुणाला कळणार नाही."

घरी तिचा नवरा मशीनवर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसला होता. शिंपी माणूस, पाय चालू ठेवूनच ऐकायचा. तिचं सांगून झालं तेव्हा मात्र मशीन थांबलं.

"म्हणजे तू स्वतःच्याच हातानं स्वतःचा पत्ता कापणार."

"अजून ठरवलं कुठं आहे?"

"ठरवलं नाहीस तर जेवत का नाहीयेस?" तो म्हणाला. "अगं, परत फोन घ्यायला लागलीस की लोक काय म्हणतील, याचा विचार केलास?"

"तुम्ही काय म्हणाल ते सांगा."

"मी काय म्हणणार? मी म्हटलं म्हणून तू आजवर कधी काय केलंयस?" तो पुन्हा पँटकडे वळला, आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तो म्हातारा बस बदलत बदलत रोज येत होता ना? जा, दे लिहून. मी पडलो तर तू काय करशील, तेच मनात आणत होतो."

तिला रडू आलं. नोकरीसाठीच आलं, खोटं कशाला बोला. ते काम तिला जिवापाड आवडायचं. सकाळी उठून तिनं मागणी लिहून दिली.

वरून होकार यायला, माणूस मिळायला दिवस गेले. हॉस्पिटलनं काकांना कसंबसं ठेवून घेतलं. ती रोज काकूंना दाराशी गाठून "बस निघालीय, रस्त्यात आहे" असं सांगत दूध पाजायची. मग नवी सोशल वर्कर आली. पाठीला सॅक, केस आखूड, बोलणं भरभर. "कालची पोर!" नर्स एकमेकींना म्हणाल्या. ही चार दिवसांत रडत घरी जाईल, अशी त्यांची पैज. स्टूलताईनं पोरीला सगळ्या खोल्या दाखवल्या, सगळ्यांच्या खोडी सांगितल्या. पण पोरगी कुठंतरी अडखळावी, असं तिलाही वाटत होतंच. माणूसच होती तीही.

पोरगी अडखळली नाही. गळकी खोली झाडूनपुसून तयार झाली, तेव्हा साहेब म्हणाले, एक खाट काकांना आणि दुसरी यादीतल्या पुढच्या पुरुषाला.

"आणि काकू?" पोरीनं विचारलं.

"त्या खाली आहेतच की," स्टूलताई म्हणाली. "एका छपराखाली आले, खूप झालं. निरोप पोचवायला मी आहे. टेबलावरून उठून जाईन मधेमधे."

पोरगी तिच्याकडे वळली. "निरोप कशाला? नवरा-बायको एकाच होममध्ये असतील आणि दोघांचीही मर्जी असेल, तर एका खोलीत राहायचा त्यांना हक्क आहे. नियमच आहे तसा. आपण काही उपकार करत नाही. काकूंची खाट बायकांच्या खोलीतली, ती यादीतल्या पुरुषाला देता येणार नाही, पण तिथं एखाद्या बाईची सोय होईल."

साहेबांनी नियम काढून बघितला. होता. पहिल्यापासून होता.

काका आले त्या दिवशी ते चाकाच्या खुर्चीत होते. काकू दाराशी बसलेल्या. त्यांनी नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. "किती हा उशीर!"

"ट्रॅफिक होतं ग," काका म्हणाले.

पोरगी काकूंसमोर वाकली. "काकू, यांच्या खोलीत राहायला जाणार का? तुम्हाला हवं असेल तरच हं."

"मग काय बसस्टॉपवर राहू?" काकू फणकारल्या, आणि उठून खुर्चीच्या मागं जाऊन दोन्ही हातांनी दांडे धरले. अंगात ताकद उरली नाही म्हणावं, तर बाईनं खुर्ची ढकलायला सुरुवात केली. "डावीकडे घे, डावीकडे!" काका ओरडत होते. "भिंत आहे, भिंत! तुला लायसन दिलं कुणी?" सगळं होम हसत होतं. नर्ससुद्धा.

स्टूलताई पुढच्या टेबलाशी बसली होती. ती हसली नाही. फोन वाजत होता, तोही तिनं घेतला नाही.

लिफ्टचं दार लागल्यावर पोरगी टेबलापाशी आली. "ताई, काय झालं?"

"एक मास्तर होते," स्टूलताई म्हणाली. "वर. बायको खाली. मी त्यांचे निरोप न्यायचे. रोज. मला वाटायचं, मी केवढं करतेय." "शेवटच्या दिवशी बाईंचा निरोप घेऊन वर गेले, तोवर मास्तर गेले होते. तो निरोप राहिला माझ्यापाशीच. मला हा नियम ठाऊक असता तर ती दोघं... मला ठाऊकच नव्हतं ग. कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हेही मला कळलं नाही."

पोरगी उभीच होती. तुमचा काय दोष, असं काहीतरी तिच्या तोंडावर आलं असावं, पण तिनं ते गिळलं. टेबलामागं भिंतीला टेकवून ठेवलेलं निळं स्टूल तिनं पायानं ओढलं आणि स्टूलताईच्या अगदी समोर बसली. आता ती तिच्यापेक्षा खाली होती.

"सांगा," ती म्हणाली. "काय निरोप होता?"

स्टूलताईनं डोळे पुसले.

"थंडी पडलीय, मफलर घाला, एवढंच," ती म्हणाली, आणि मग मास्तरांचं सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.